उलट्या आवाजाची पेटी

आमच्या टेलिफोन एक्सचेंजात बोर्ड एकच होता आणि डोक्याला अडकवायचा हेडफोनही एकच. सकाळी आठपासून चारपर्यंत तो माझ्या डोक्यावर असायचा, चारनंतर बाबूजींच्या. बाबूजी म्हणजे दुसरे ऑपरेटर, मूळचे गोंदिया शहरातले, हिंदी बोलणारे, पेन्शनीला टेकलेले गृहस्थ. ते यायचे, टोपी खुंटीला लावायचे, खिशातून पांढरा रुमाल काढायचे, त्यावर स्पिरिटचे दोन थेंब टाकायचे आणि मी नुकताच काढून ठेवलेला हेडफोन कानाच्या डबीपासून बोलायच्या भोंग्यापर्यंत पुसून काढायचे. तेही माझ्यादेखत. मला त्याचा भारी राग यायचा. मी रोज न्हाऊन-धुऊन येते, ह्यांना माझा कसला विटाळ होतो, असं मी घरी येऊन आईजवळ कुरकुरायची. आई म्हणायची, म्हाताऱ्या माणसाचे नखरे, सोडून दे.

तेव्हा स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. आमचं गाव गोंदियाहून गाडीनं थोडं पुढे, आणि एक्सचेंज म्हणजे पोस्टामागची एक खोली. माझे वडील लाइनमन होते. ते गेले, कामठ्याकडची थोडी धानाची जमीन काकांकडे राहिली आणि आम्ही मायलेकी गावात भाड्याच्या खोलीत आलो. मी मॅट्रिक झालेली होते, म्हणून वडिलांच्या साहेबांनी शब्द टाकून मला बोर्डावर बसवलं. गावातली नोकरी करणारी मी तिसरी बाई. पहिल्या दोघी शाळेत मास्तरणी होत्या, त्यांना लोक मान द्यायचे. मला बघून लोक आवाज खाली आणायचे.

त्यांचं चुकत नव्हतं. नागपूरचा ट्रंक कॉल लावून दिला, की बोलणं संपलं की नाही हे बघायला आम्हाला मधूनमधून किल्ली दाबून ऐकावं लागायचं. नियमानं क्षणभर ऐकायचं आणि किल्ली सोडायची. पण दुपारच्या वेळी दुसरा कॉल नसला की किल्ली सोडवत नसे. मला त्याची चटक लागली होती, हे आता सांगायला हरकत नाही.

गावात एक डॉक्टर होते. लढाईच्या काळात फौजेत होते, मग इथे दवाखाना काढला. ते कठीण रोग्यांबद्दल नागपूरच्या आपल्या एका डॉक्टर मित्राशी फोनवर बोलायचे. एकदा मी ऐकलं, की आमगावाजवळच्या एका गावातली मुलगी, जिचं नुकतंच तिरोड्याकडच्या घरात साक्षगंध होऊन लग्न ठरलं होतं, तिच्या छातीत क्षय आहे. सुरुवात आहे, औषधानं बरी होईल, असंही डॉक्टर म्हणाले होते. मी ते माझ्या मावशीला सांगितलं. एकच वाक्य सांगितलं, आणि कोणाला बोलू नको असंही बजावलं. मावशीनं तेवढंच वाक्य, तेवढंच बजावून, पुढे दिलं. पंधरा दिवसांत साक्षगंध मोडलं.

डॉक्टर एक्सचेंजात आले. ओरडले नाहीत. बाबूजींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "त्या पोरीचा बाप माझ्या दारात बसून रडून राहिला. मी त्याले काय सांगू?" बाबूजी खाली मान घालून उभे राहिले. मीही घातली. दोषाची वाटणी दोघांत झाली आणि मी ती होऊ दिली.

दोन महिन्यांनी ती पेटी आली. जबलपूरला फौजेचं जुनं सामान विकायला निघालं होतं, त्यातून डॉक्टरांनी एक जोडी मिळवली. एक इथल्या दवाखान्यात बसवली, दुसरी नागपूरच्या मित्राकडे. वरून कसली परवानगी आणली ते आम्हाला कळलं नाही, पण पोस्टमास्तरांनी कागद बघून मान हलवली. बसवायला आलेल्या मिस्त्रीनं मला समजावलं, की पेटी आवाजाला उलटा करते. जाड आवाज बारीक होतो, बारीक जाड होतो, आणि दुसऱ्या टोकाची पेटी तो पुन्हा सुलटा करते. मधल्या तारेवर कोणी कान लावला तर त्याला नुसती चिवचिव. तो हे सांगताना माझ्याकडे बघून हसत होता. माझ्या तोंडाला कुलूप लावता येत नाही म्हणून तारेला लावलं, एवढाच त्याचा अर्थ होता.

पहिल्या दिवशी मी किल्ली दाबली आणि शहारले. माणसाचा आवाज नव्हताच तो. सालईच्या झाडावर संध्याकाळी मैना जमतात तसा कलकलाट, मध्येच घोगरं, मध्येच शीळ. पण खोकला कळायचा. डॉक्टरांना सुपारीची सवय होती, ते बोलता बोलता घसा साफ करायचे, तो सूर बदलला तरी ठेका बदलला नव्हता. मी कान काढून घ्यायला हवा होता. मी तो अजून घट्ट लावला.

सुरुवातीला नुसता ठेका कळला. कॉल लागला की पहिला शब्द 'हॅलो' असणार, शेवटचा 'ठेवतो' असणार, हे मला ठाऊक होतं. त्यावरून ह आणि ठ कसे उलटतात ते कळलं. मग आकडे कळायला लागले. मग एक दिवस, दुपारी, बाहेर टपालाच्या थैल्या शिवणं चालू असताना, त्या कलकलाटातून 'निगेटिव्ह' हा शब्द सरळ माझ्या कानात येऊन बसला. मी दचकून हेडफोन काढला. मला वाटलं, माझ्या डोक्यात काही बिघडलं. शहाणीसुरती माणसं ज्या आवाजाला चिवचिव म्हणतात त्यात मला शब्द ऐकू येतात, म्हणजे हे बाहेरचं काही तर नाही ना? आईला सांगितलं असतं तर ती मला देवऋष्याकडे घेऊन गेली असती. मी सांगितलं नाही. पाच-सहा महिन्यांत मला डॉक्टरांचं बोलणं अर्धंअधिक कळायला लागलं होतं. मावशीचं प्रकरण झाल्यापासून मात्र मी कानाला खडा लावला होता. ऐकायची, पण कोणाला सांगायची नाही. ह्यात मोठं पुण्य आहे असं मला तेव्हा वाटायचं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी, टपालाची माणसं कमी होती म्हणून पोस्टमास्तरांनी मला थैल्यांना सील लावायला बोलावलं. लाख वितळवून गाठीवर टाकायची आणि शिक्का दाबायचा. मी पोलक्याची बाही वर सारून बसले होते. शेजारचा शिपाई एकदम म्हणाला, "अवो बाई, हात जळून राहिला तुमचा." मी पाहिलं. कोपराच्या वर, बाहीखाली झाकला जातो त्या जागी, लाखेचा मोठा थेंब पडून वाळत होता. मला काहीच कळलं नव्हतं. मी हसून म्हटलं, लागलं नाही. घरी जाऊन आरशात पाहिलं तर तिथं रुपयाएवढा फिकट डाग होता. त्याला चिमटा काढला. मग अजून जोरात काढला. मग बाही खाली ओढली.

आमच्याकडे त्या रोगाचं नाव कोणी घरात घेत नसे. महारोग तर नाहीच, रक्तपिती म्हणायचं झालं तरी लोक उंबऱ्याबाहेर जाऊन म्हणायचे. ज्याला झाला त्याची विहीर वेगळी, मग झोपडी वेगळी, मग गावच वेगळं. मला दुसरं काहीच दिसेना. नोकरी जाणार, घरमालक खोली सोडायला लावणार, आणि आई या वयात परत काकांच्या दारात जाऊन उभी राहणार, तीही अशी मुलगी सोबत घेऊन.

शेवटी मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले, टाचणी टोचली आणि टोचलं की सांग म्हणाले. मी वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं डोळे उघडले तर त्यांनी टाचणी केव्हाच खाली ठेवली होती. कानाच्या पाळीतून आणि त्या डागातून काचेवर थोडं घेतलं, नागपूरला पाठवतो म्हणाले. घाबरू नको, वेगळंही काही असेल. त्यांचा चेहरा फौजेतला होता, त्यावरून काही कळत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा नागपूरचा कॉल मीच लावून दिला. डॉक्टर माझ्याशी नेहमीच्या आवाजात बोलले, "नागपूर दे पोरी," आणि लाइन लागल्यावर पेटीचा खटका दाबला. मी किल्ली दाबली. त्या चिवचिवाटातून मी माझं स्वतःचं वर्णन ऐकलं. "एक्सचेंजातली पोरगी आहे. वय बावीस. मले तर तेच वाटून राहिलं." पलीकडून उत्तर आलं, आठ दिवसांत सांगतो.

ते आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. उत्तर येईल ते फोनवर येईल, आणि तेव्हा बोर्डावर मी असले पाहिजे, एवढंच मी धरून बसले होते. कारण एक विचार माझ्या डोक्यातून जाईना. मला ही भाषा समजायला लागली, तर बाबूजींना का नाही लागणार? त्यांचे कान तर माझ्याआधी पंचवीस वर्षं तारेला लागलेले. मी त्यांना गप्पिष्ट म्हातारा समजायची. पोस्टातल्या प्रत्येकाशी ते चहाच्या वेळी बोलायचे. त्यांच्या तोंडून एक वाक्य बाहेर पडलं तरी पंधरा दिवस पुरे होते. हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

मग मी एक मूर्खपणा केला. डॉक्टरांनी पेटीतून मित्राला सांगितलं होतं, की गुरुवारी मी दवाखाना बंद ठेवून बालाघाटला जातो. बाबूजी चारला आले तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्यावर नजर ठेवून सहज विचारलं, गुरुवारी डॉक्टर आहेत ना गावात? ते रुमालावर स्पिरिट टाकत होते. "मुझे क्या मालूम, बेटी," म्हणाले आणि पुसायला लागले. चेहरा कोरा. पायऱ्या उतरताना माझ्या लक्षात आलं, की असा प्रश्न विचारून मीच माझी चोरी उघडी केली. त्यांना कळत नसेल तर ठीक, कळत असेल तर आता त्यांना हेही कळलं, की मला कळतं. मी घरी जेवू शकले नाही. आईला सांगितलं, पित्त झालं.

आठव्या दिवशी मी सकाळपासून जागेवरून हलले नाही. एक वाजता पोस्टमास्तर स्वतः आले. माझा चेहरा बघून म्हणाले, घरी जाऊन दोन घास खाऊन ये, बाबूजी आज लवकर आलेत, ते बसतील अर्धा तास. मी नको म्हटलं. ते म्हणाले, काऊन नको? भोवळ येऊन पडशील बोर्डावर. नाही म्हणायला कारण सापडेना. मी धावत घरी गेले, ताटाला हात लावला आणि धावत परत आले. खोलीच्या दारातून मला बोर्ड दिसला. डॉक्टरांच्या नंबरातली दोरी नागपूरच्या भोकात गेलेली होती. बाबूजी हेडफोन लावून बसले होते आणि त्यांची किल्ली दाबलेली होती.

मी दारातच उभी राहिले. त्यांनी मला बघितलं, बोट वर करून थांब म्हणाले आणि ऐकत राहिले. त्या खोलीत घड्याळ होतं, त्याचा आवाज मला अजून आठवतो. मग त्यांनी किल्ली सोडली, दोरी ओढली, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टर साहब का था. तुम बैठो." मी बसले. हेडफोन त्यांच्या डोक्याच्या उबेनं कोमट होता. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. ते पोस्टाच्या बाजूला गेले, जिथं शिपाई चहा पीत बसायचे.

संध्याकाळी डॉक्टरांनी बोलावून सांगितलं. तेच निघालं होतं. एकच डाग, अगदी सुरुवात, तुझ्यापासून कोणाला धोका नाही, आता ह्यावर गोळ्या निघाल्यात, दोन वर्षं न चुकता घ्यायच्या. बाटलीवर त्यांनी 'रक्तवाढ' असं लिहून दिलं. मी रडले नाही. मी विचारलं, अजून कोणाला माहीत आहे?

"तुले, मले आणि नागपूरच्या डॉक्टरले," ते म्हणाले. "फोनवर कोणाले समजत नाही. त्यासाठीच तर पेटी आणली. बिनघोर राह्य."

त्या क्षणी मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पेटीत काही लपत नाही डॉक्टर, मला समजतं, कदाचित बाबूजींनाही समजतं. पण ते सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं, की मी इतके महिने तुमचे सगळे रोगी ऐकले. मग पुढचा प्रश्न त्या आमगावकडच्या मुलीचा आला असता. मी बाटली पदराखाली घेतली आणि घरी आले.

त्यानंतरचं वर्षभर मी भीत जगले. पोस्टात कोणी दोघं हळू बोलताना दिसले की मला वाटायचं, झालं. शिपायानं माझ्या हातून पाण्याचा पेला घ्यायला उशीर केला की वाटायचं, ह्याला कळलं. घरमालकीण आईला काही विचारायला आली तर मी दाराआड उभी राहून ऐकायची. आणि रोज चार वाजता बाबूजी यायचे, टोपी खुंटीला, रुमाल, दोन थेंब, डबीपासून भोंग्यापर्यंत. मी त्यांच्या हातांकडे बघायची. आज जास्त वेळ पुसतात का? आज दोनाऐवजी तीन थेंब टाकले का? पण त्यांचं पुसणं पहिल्या दिवशी होतं तसंच होतं, तसूभर कमी नाही, तसूभर जास्त नाही.

डॉक्टरांनी धोका नाही म्हटलं तरी माझं मन मानत नव्हतं. हा म्हातारा माझा हेडफोन तोंडाजवळ घेतो, ह्याला काही झालं तर? म्हणून मीही एक रुमाल आणि स्पिरिटची बाटली ठेवली आणि पावणेचारला, ते यायच्या आधी, सगळं घासूनपुसून ठेवायला लागले. पाच-सहा दिवस गेले. सातव्या दिवशी ते लवकर आले. खोलीत दोघंच होतो. त्यांनी माझ्या हातातून रुमाल काढून घेतला, दाराकडे एकदा बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटी, तुम मत पोंछा करो. मैं पोंछता हूँ तो लोग कहते हैं, बूढ़ा सनकी है. तुम पोंछोगी तो लोग पूछेंगे, क्यों."

मी विचारलं, केव्हापासून समजतं तुम्हाला? ते म्हणाले, पेटी आली त्याच्या तिसऱ्या महिन्यापासून. गुरुवारची गोष्ट मी विचारली तेव्हाच त्यांना कळलं होतं, की हिलाही समजतं. मग त्यांनी टोपी खुंटीला लावली, आपला रुमाल काढला आणि दोन थेंब टाकले. तिसऱ्या महिन्यापासून म्हणजे माझ्याआधी. अर्ध्या गावाचे रोग त्या माणसाच्या पोटात होते आणि चहाच्या वेळी तो पावसापाण्याचं बोलत होता. आणि डॉक्टर आले होते त्या दिवशी त्यानं माझ्या वाटणीची मान खाली घातली होती, न केलेल्या गोष्टीसाठी. मला त्याच्यासमोर बसवेना.

रविवारी मी आईला मावशीकडे जाते म्हणून सांगितलं, पॅसेंजरनं आमगावला उतरले आणि विचारत विचारत त्या मुलीच्या गावी गेले. ती अंगणात धान वाळत घालत होती. क्षय बरा झालेला होता, अंगानं भरली होती, पण लग्न पुन्हा जमलं नव्हतं, ते तिच्या मोकळ्या गळ्यावरून दिसत होतं. मी कोण ते सांगितलं. मग त्या फोनचं सांगितलं, मावशीचं सांगितलं. ती पायानं धान पसरत होती ती थांबली.

"आता कायले सांगून राहिली?" तिनं विचारलं. "दोन वर्सं झाली."

ह्याचं खरं उत्तर माझ्याकडे एकच होतं, आणि ते मी जिवापाड लपवलं होतं. मी इकडेतिकडे बघितलं. मग पोलक्याची बाही वर सारली आणि हात तिच्यापुढे धरला. डाग पुष्कळ फिका झाला होता, पण बघणाऱ्याला कळला असता. तिला कळला. ती मागे सरली नाही. वाकून बघितलं.

"दुखते का?"

"नाही," मी म्हटलं. "तिथं काहीच समजत नाही."

तेवढ्यात घरातून तिच्या आईनं विचारलं, कोण आलं म्हणून. त्या मुलीनं माझी बाही हातानं खाली ओढली, नीट केली आणि आत आवाज दिला, "कोनी नाही माय. वाटसरू हाये, पानी मागून राहिली."

मग ती माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.